आईने केस काढले तो उन्हाळा

आमच्या घरात मेलेल्या माणसासाठी केस काढत नाहीत. हा नियम मला इतक्या लहानपणी कळला, की तो कुणी सांगितला हेही आठवत नाही. गावात कुणाचे वडील वारले की दहाव्याला त्यांची मुलं आणि पुतणे गुळगुळीत डोक्यांनी नदीवरून परतायचे. माझे वडील, त्यांना आम्ही आण्णा म्हणायचो, ओट्यावर बसून ती माणसं जाताना बघायचे आणि मला हळूच म्हणायचे, बाप गेल्याचं दुःख डोक्याच्या आत असतं, वरून काढून काय हाती लागणार? आमच्या वस्तीने छप्पन्न सालानंतर धम्म घेतला. आजोबांच्या पिढीने तेव्हा जे जे सोडलं, त्यात दहाव्याचं मुंडणही होतं.

तरीही लहानपणी सगळ्यात जास्त टकली मी आमच्याच विहारात पाहिली. उन्हाळ्यात श्रामणेर शिबिर भरायचं. दहा दिवस माणूस घर सोडून विहारात राहायचा, केस आणि दाढी काढायचा, चीवर नेसायचा, दुपारी बारानंतर जेवायचा नाही. अकराव्या दिवशी पुन्हा आपल्या कामाला. कुणी साखर कारखान्यात फिटर, कुणी शाळेत शिपाई, कुणी घरची दीड एकर कसणारा. शिबिराच्या पहिल्या सकाळी ही सगळी माणसं विहारामागच्या लिंबाखाली रांगेने बसायची आणि आण्णा एकेकाचं डोकं भिजवून वस्तरा चालवायचे.

हे काम त्यांच्याकडे कसं आलं, ती गोष्ट फार जुनी नाही. आजोबांच्या तरुणपणी गावचा न्हावी आमच्या माणसांच्या डोक्याला हात लावत नसे. म्हणून वस्तीतच कुणीतरी वस्तरा धरायला शिकायचं ठरलं आणि आजोबा शिकले. त्यांच्याकडून आण्णा. आता आमची पोरं भिगवणच्या हव्या त्या सलूनमध्ये जाऊन खुर्चीत रेलून बसतात. पण शिबिराच्या सकाळी आण्णाच लागायचे.

एका वर्षी शिबिर संपल्यावर माझे धाकटे चुलते थेट भिगवणला गेले. दहा दिवस वरणभातावर काढलेले, त्यांना उजनीच्या माशाची आठवण अनावर झाली होती. मासे विकणाऱ्या बाईने त्यांच्या डोक्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणून विचारलं, कोण गेलं? चुलते हसले, कुणी नाही म्हणाले. बाईला वाटलं, दुःखाने माणूस भ्रमिष्ट झालाय. दहावं झालं का, तेरावं कधी, असं विचारत राहिली. सुतकात मासे विकायचं पाप नको म्हणून तिने तराजू बाजूला सरकवला आणि त्यांना तांब्याभर पाणी प्यायला दिलं. चुलते रिकामी पिशवी घेऊन घरी आले. आठवडाभर आमच्याकडे हसणं चाललं होतं.

आण्णा हसले नाहीत. ते म्हणाले, "ह्याचं एक पत्रक काढायला पाहिजे."

जगातल्या कुठल्याही अडचणीवर आण्णांकडे तो एकच उपाय होता. गावच्या जत्रेत बोकड कापायचं ठरलं, पत्रक. ग्रामपंचायतीने वस्तीच्या नळाला पाणी सोडलं नाही, पत्रक. पिवळ्या, निळ्या, गुलाबी पातळ कागदांवर एका बाजूला छापलेली ती पत्रकं आमच्या पत्र्याच्या पेटीत गठ्ठ्यांनी असायची. मी वाचायला शिकले ती त्यांच्यावरच. बालभारतीतली फुलं-पाखरं नंतर आली. त्याआधी मला 'जाहीर निषेध' आणि 'समस्त बंधू-भगिनींना आवाहन' हे शब्द येत होते.

त्या काळातले रविवार मला फार आठवतात. आई अंगणवाडीत मदतनीस. सहा दिवस दुसऱ्यांच्या पोरांची नाकं पुसायची, रविवारी स्वतःचे केस धुवायची. मागच्या दारी चुलीवर शिकेकाईचं पाणी उकळायचं, त्याचा वास थेट रस्त्यापर्यंत जायचा. आईचे केस कमरेच्या खाली यायचे. ती दगडावर बसून मान पुढे टाकायची आणि मी तांब्याने पाणी ओतायचे. मग ती बाजेवर उन्हात पाठ करून बसायची, मी मागे उभी राहून गुंता सोडवायचे आणि आण्णा समोर बसून नव्या पत्रकाचा मजकूर मोठ्याने वाचायचे. आई मधेच म्हणायची, "हितं काय कळलं न्हाय." आण्णा कुरकुरत वाक्य तोडायचे, पुन्हा लिहायचे. आई फक्त चौथी शिकलेली, पण तिच्या कानावरून गेल्याशिवाय आमच्या घरातून एकही पत्रक छापायला गेलं नाही.

त्या केसांचं आण्णांना कौतुक होतं. तोंडाने कधी बोलले नाहीत. पण जयंतीच्या दिवशी इंदापुराहून येताना शर्टाच्या खिशात, पत्रकांच्या शेजारी, पानात गुंडाळलेला गजरा हमखास असायचा.

गेल्या दिवाळीच्या तोंडावर आण्णा गेले. आमच्यात कुणी केस काढले नाहीत. आईने कपाळावरची टिकली काढू नये, हातातल्या बांगड्या ठेवाव्यात, असं मी तिला बजावलं. तिने ऐकलं. एवढ्यावर न थांबता मी महिला दिनाला बारामतीत त्याच विषयावर भाषण केलं. बारामतीला एसटी स्टँडजवळच्या टायपिंगच्या दुकानात मी काम करते, तिथेच जवळ खोली घेऊन राहते. भाषणात मी विधवांच्या केशवपनाची गोष्ट सांगितली. नवरा मेला की बाईचं डोकं भादरून तिला कोपऱ्यात बसवायचे, आणि ते काम करायला नकार देऊन न्हाव्यांनी एकजुटीने वस्तरे खाली ठेवले होते, ते सांगितलं. टाळ्या पडल्या. आई पहिल्या रांगेत होती. तिनेही वाजवल्या.

त्याच महिन्यात इंदापूरच्या विहारातून निरोप आला. यंदा उन्हाळ्यात बायकांचं श्रामणेरी शिबिर होणार होतं. आमच्या भागातलं खूप वर्षांनी. एक भिक्खुणी येणार होत्या. भिक्खू आणि भिक्खुणी केस का काढतात, हे गावातल्या लोकांना समजेल असं एक पत्रक मी लिहावं, असं ठरलं होतं. आण्णांच्या मनातलं, राहून गेलेलं पत्रक माझ्याकडे आलं होतं. मी एका बैठकीत लिहून काढलं. सिद्धार्थाने घर सोडल्यावर तलवारीने केस कापले, तिथपासून सुरुवात केली. केसांचा सांभाळ हा रोजचा वेळ खातो, आरसा मागतो, तेल मागतो. एकाची जटा, एकाची शेंडी, त्यावरून माणूस ओळखायचा. ते सगळं एका वस्तऱ्याखाली संपतं. संघात दोन महिन्यांपलीकडे किंवा दोन बोटांपलीकडे केस वाढू द्यायचे नाहीत हा नियम, तोही घातला. केस काढलेल्या माणसाकडे पाहून तो श्रीमंत की गरीब, या जातीचा की त्या जातीचा, देखणा की कुरूप हे सांगता येत नाही, असं शेवटचं वाक्य लिहिलं आणि स्वतःवर खूश झाले.

कच्ची छपाई पर्समध्ये घालून रविवारी घरी गेले. कळंबच्या पुढे आमचं गाव. आई आणि काकू, म्हणजे त्याच मासेवाल्या चुलत्यांची बायको, ओट्यावर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसल्या होत्या. मी पाय धुऊन येते तोवर आईने पदराखालून एक घडी घातलेला फॉर्म काढून माझ्यासमोर ठेवला.

शिबिराचा प्रवेशअर्ज होता. नाव, वय, गाव, सगळं तिने स्वतःच्या गोल अक्षरात भरलेलं. खाली एक रिकामी जागा होती: पती किंवा घरातील जबाबदार व्यक्तीची संमती आणि सही.

"हितं तुझी पाहिजे," आई म्हणाली.

मी म्हणाले, यंदा नको, पुढच्या वर्षी जा. तिने कारण विचारलं. मी सांगितलं की आण्णांना जाऊन सहा महिनेही झाले नाहीत. चीवर दहा दिवसांचं. ते उतरवून ती साडीत परत येईल, अंगणवाडीत जाईल, दळण घेऊन रस्त्याने जाईल, तेव्हा लोकांना श्रामणेरी दिसणार नाही. नवरा मेलेली आणि डोकं भादरलेली बाई दिसेल. लोक काय समजतील?

काकूच्या हातातली शेंग तशीच राहिली. "आता गं बया. ज्या घरानं गावभर कागद वाटलं, त्या घरात लोक काय म्हणतील, व्हय?"

मला राग आला. मी भाषणातलं सगळं पुन्हा सांगितलं, जरा वरच्या पट्टीत. ज्या रूढीविरुद्ध माणसं लढली, तिच्यासारखं दिसणारं काहीही आपल्या घरात होऊ नये, असं म्हणाले. काकूने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, ती रीत आपल्यात होती कधी? आपल्या बायकांना उजाडलं की रानात जायचं असायचं, त्यांना कोपऱ्यात कोण बसवून खाऊ घालणार होतं? मी म्हणाले, प्रश्न तो नाही. काकू म्हणाली, मग कंचा हाय ते तरी सांग.

 टरफलं सुपात गोळा करत आई म्हणाली, तू तिसरीत असताना असंच एक बायकांचं शिबिर बारामतीला भरलं होतं. तिने नाव द्यायचं ठरवलं होतं. अर्ज आणला होता. आण्णांनी सही केली नाही.

मी म्हणाले, "आण्णा असं करणारच नाहीत."

"केलं. म्हणलं, नवरा जिता आसताना बायकुनं डोस्कं काढलं तर चार लोकांत मी कुठल्या तोंडानं फिरू."

"तू काहीतरी चुकीचं ऐकलं असशील."

"तुझं आण्णा माणूस हुतं," आई म्हणाली. "पत्रक न्हवतं."

काकूने माझ्याकडे पाहिलं नाही, सुपाकडे पाहिलं. आईचा आवाज चढला नव्हता. पुढचं ती तशाच आवाजात बोलली, जसं ती पोरांना खिचडीची रांग लावताना बोलते.

"तवा नवरा हुता म्हणून न्हाय. आता नवरा न्हाय म्हणून न्हाय. मग माझं डोस्कं माझं कवा?"

 उत्तर नसलं की मी निघून जाते, ही माझी वाईट सवय आहे. फॉर्म तिथेच ठेवून मी दुपारची एसटी धरली. खिडकीला ऊन होतं, बाहेर तोडणी झालेली उसाची रानं पाचट जाळून काळी पडलेली. मला आण्णांचा राग येत होता आणि त्याच वेळी त्यांच्या शर्टाचा खिसा डोळ्यांसमोरून हलत नव्हता. एका बाजूला पत्रक, एका बाजूला गजरा. लिंबाखाली दुसऱ्यांच्या बापांची, भावांची डोकी किती हलक्या हाताने करायचे ते. स्वतःच्या बायकोचा अर्ज मात्र त्यांनी परत केला होता. आणि आज मीही तेच केलं होतं. कारण तेवढं माझं जास्त चांगलं होतं, जास्त वाचलेलं.

पर्समधली छपाई काढून वाचली. शेवटचं वाक्य आलं. श्रीमंत की गरीब, ही जात की ती, देखणा की कुरूप. त्यात 'लग्नाची की विधवा' एवढं मी लिहिलं नव्हतं. आख्ख्या पत्रकात मी जगातल्या सगळ्यांचे केस काढायला तयार होते, फक्त आईचे सोडून.

बारामतीला उतरल्या उतरल्या स्टँडवरूनच फोन केला. येते म्हणाले, पहिल्या दिवशी, इंदापूरला, सही तिथेच करते. आई एवढंच म्हणाली, "कात्री घिऊन ये. हितली बोथट हाय."

शिबिराच्या सकाळी विहाराच्या अंगणात वीस-बावीस बायका होत्या. बावड्याच्या दोन बहिणी, एक निवृत्त नर्स, एक नववीतली मुलगी आणि तिची आजी. भिक्खुणींना सगळ्या आर्याजी म्हणत होत्या. बारीक बांध्याची, भराभर चालणारी बाई. अर्ज त्या स्वतः तपासत होत्या. मी सही करता करता त्यांना विचारलंच, की पन्नाशीच्या बाईला कुणाच्या संमतीची गरज का लागावी? आई मागून माझा ओढणीचा काठ ओढत होती.

आर्याजींना राग आला नाही. त्या म्हणाल्या, "परवानगी म्हणून नका करू. निघणाऱ्यानं मागं राहणाऱ्याला सांगून निघायचं असतं. तुम्हाला सांगितलं, हे लिहून द्या, म्हणजे झालं." मला ते पुरतं पटलं नाही, अजूनही पटलेलं नाही. पण सही मी केली, आणि ठळक केली.

केस बायकांनी एकमेकींचे काढायचे होते. अर्ध्याजणींनी वस्तरा कधी हातात धरला नव्हता. आई पाटावर बसली आणि मान पुढे टाकून म्हणाली, "तूच काढ. तुझं हात बघून शिकल्यालं हायत."

आधी वेणी कापली. कात्री नवी होती तरी तीन वेळा चालवावी लागली. मुळाशी पांढरे केस मला वाटले होते त्याहून खूप जास्त होते. ती काळी मेंदी लावते हे मी विसरूनच गेले होते. मग डोकं भिजवलं, साबण लावला आणि कपाळापासून मागे वस्तरा ओढायला लागले. टाळूवर, मधोमध, एक रुपयाएवढी जागा लागली, तिथली कातडी जाड आणि केस विरळ. मी हात थांबवला. आई म्हणाली, "पाट्या वाहिल्याचं हाय ते. तू पोटात हुतीस तवाच्या." तलावाच्या कामावरच्या मातीच्या पाट्या. इतके रविवार मी त्या डोक्यावर पाणी ओतलं, गुंता सोडवला, आणि ती जागा मला कधी सापडली नव्हती. केसांनी झाकलेली होती.

आर्याजी रांगेतून फिरत पाच शब्द म्हणवून घेत होत्या. केसा, लोमा, नखा, दन्ता, तचो. मग तेच उलटे. केस, अंगावरची लव, नखं, दात, कातडी. माणसाचं आपल्याला जे दिसतं ते एवढंच, त्या सांगत होत्या. ह्या पाचांवर जीव टाकायचा, ह्या पाचांवरून नाक मुरडायचं, आणि माणूस बघितला असं म्हणायचं. म्हणून पहिल्या शब्दापासून सुरुवात करायची, तोच हाताने काढता येतो. माझ्या पत्रकात हे नव्हतं. आई उलट्या क्रमात दरवेळी दातांवर अडकायची, नखं विसरायची आणि शेजारच्या नर्सबाई हसायच्या.

काकू सोबत आली होती. वेणी हातात तोलून ती म्हणाली, "केसांवर भांडी देणारी आली आसती तर येवढ्यात स्टीलची बादली आली आसती." आर्याजींनीच आधी हसून घेतलं, मग बाकीच्या हसल्या. वेणी तिथल्या अंगणातल्या एका लिंबाच्या बुंध्याशी पुरली.

सगळं झाल्यावर आईने दोन्ही तळवे डोक्यावरून फिरवले. पुढून मागे, मागून पुढे. "गार लागतंय," ती म्हणाली. चीवर नेसून ती बाहेर आली तेव्हा मला तिच्या पाया पडायचं होतं, वंदामि म्हणायचं होतं. दहा दिवस तिला आई म्हणायचं नव्हतं. तिच्या कानांचा आकार माझ्यासारखा आहे, हे मला तेव्हा दिसलं.

सातव्या दिवशी सकाळी श्रामणेरी भिक्षेसाठी आमच्या गावात आल्या. मी आदल्या दिवशीच रजा टाकून घरी आले होते. मला ज्याची धास्ती होती ते आज घडणार होतं. रस्त्याच्या कडेने एकामागे एक, हातात पात्र, नजर खाली, तोंडाने शब्द नाही. आई चौथी. मी आणि काकू भाताचं पातेलं घेऊन दारात उभ्या. गावातली माणसंही थांबून बघत होती. एकाने ट्रॅक्टर बाजूला घेऊन बंद केला.

कालव्याकडेच्या मळ्यातल्या मामी तेवढ्यात बाजारला निघाल्या होत्या. गवार, भेंडी, पेरू, सगळं इंदापूरला नेऊन विकतात. त्यांच्या मळ्यात आई कितीतरी वर्षं खुरपायला गेलेली. त्यांनी रांग बघितली, चौथ्या बाईपाशी त्यांची नजर थांबली, आणि त्या सरळ माझ्याकडे आल्या.

"तुझी आई न्हवं का ती?"

मी हो म्हणाले.

"मालकासाठी काढलं व्हय?"

"न्हाय, मामी."

"मग नवस हुता?"

"आमच्यात नवस न्हाय."

मामींनी पाटी खाली ठेवली. "आमच्यात देवाला देत्यात, न्हायतर मेलेल्याला देत्यात. तुमच्यात कुणाला देत्यात?"

इतकं लिहून, इतकं छापून हा प्रश्न मला सुचला नव्हता. "कुणालाच न्हाय," मी म्हणाले.

"कुणालाच न्हाय," मामी म्हणाल्या. "नुसतंच काढलं?"

"नुसतंच."

 मामींनी पाटीतले दोन पिकलेले पेरू निवडून ते पदराला पुसले आणि आईच्या पात्रात ठेवले. आई काही बोलेल म्हणून त्या थांबल्या. मी सांगितलं, आत्ता त्यांना बोलायचं नसतं. मामींनी मान डोलावली. पदर मागे सरकवून त्यांनी स्वतःचा घामाने भिजलेला अंबाडा चाचपला आणि आईच्या डोक्याकडे पुन्हा एकदा नीट बघितलं.

"मला बी बरं वाटलं आसतं ह्या उन्हाचं," त्या आईला म्हणाल्या, जणू दोघी खुरपत बसल्या आहेत. "पर आमचं म्हातारं आजून जितं हाय ना."

आईचे खांदे हलले. तिने ओठ घट्ट मिटले, तरी हसू नाकातून बाहेर पडलंच. पुढे गेलेल्या आर्याजींनी वळून पाहिलं. आईने नजर पात्रातल्या पेरूंवर आणली आणि पावलं उचलून, रांगेत पडलेलं अंतर भरून काढत, पुढच्या दाराकडे निघाली.